एका तोंडाची नोंद, सगळ्या गावाचं आरोग्य

२०२१च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट ओसरू लागली आणि महाराष्ट्रातल्या दंतवैद्यांकडे एक वेगळीच तक्रार येऊ लागली. वरच्या जबड्यातली दाढ हलते. कीड नाही, मार लागलेला नाही, तरी हलते. आणि एकच नाही, शेजारच्या दोन-तीन हलतात. हिरडीवर बारीक पुळ्या, त्यांतून पू. टाळूवर काळपट चट्टा. गालाची एक बाजू बधिर. विचारपूस केली की कळायचं, दोन-तीन आठवड्यांपूर्वी करोना होऊन गेलाय, स्टेरॉइड दिलं होतं, तेव्हापासून साखर ताब्यात नाही. हा म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, होता. केंद्र सरकारने त्या मे महिन्यात राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये. ही मोजणी मोठ्या रुग्णालयांमधून झाली, म्हणजे बहुतेकदा बुरशी सायनसपर्यंत किंवा डोळ्यापर्यंत पोचल्यावर. त्याआधी कितीतरी जणांच्या दातांच्या केसपेपरवर ‘वरच्या दाढा हलतात’ एवढी ओळ लिहिली गेली होती. त्या ओळी एकत्र करून पाहील अशी व्यवस्था आपल्याकडे नव्हती.

एका दंतवैद्याला असे दोन रुग्ण दिसले तर तो चक्रावतो, तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. एका जिल्ह्यातल्या पन्नास दवाखान्यांत एकाच आठवड्यात असे दोन-दोन रुग्ण आले तर ती साथ असते. पण पन्नासांपैकी कुणालाच ती दिसत नाही, कारण प्रत्येकासमोर दोनच असतात. दवाखान्यात रोज संगणकावर उतरणाऱ्या दातांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या, तर समाजाच्या आरोग्याबद्दल त्या काय सांगू शकतील, आणि काय सांगू शकणार नाहीत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

रोगसर्वेक्षण हा शब्द आपल्याकडे कॉलरा, डेंग्यू, गोवर यांच्याशी जोडला गेला आहे. त्यामागची कल्पना मात्र कोणत्याही रोगाला लागू पडते. लंडनमध्ये विल्यम फार यांनी एकोणिसाव्या शतकात मृत्यूंच्या नोंदी कारणांनुसार लावायला सुरुवात केली, तेव्हापासून तिचा गाभा बदललेला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या अलेक्झांडर लँगम्युर यांनी १९६३मध्ये तो नेमका मांडला: माहिती सतत आणि पद्धतशीर गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि ज्यांना त्यावर काही करायचं आहे त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोचवायची. यातला तिसरा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. जिच्यावर कुणी काही करत नाही ती माहिती कितीही गोळा झाली तरी तिला सर्वेक्षण म्हणता येत नाही.

दातांच्या बाबतीत ही परंपरा नवी नाही. १९०१मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला आणि तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून थक्क झाला. बाहेरून आलेल्या प्रौढांना ते नव्हते, तिथेच वाढलेल्यांना होते. कारण सापडायला तीस वर्षं लागली. १९३१मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना अर्कान्सामधल्या, असेच डाग दिसणाऱ्या बॉक्साइट गावाच्या पाण्यात फ्लोराइड सापडलं. त्याच वर्षी अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने हे काम एच. ट्रेंडली डीन या दंतवैद्याकडे सोपवलं. डीन यांनी डागांची तीव्रता मोजायचा निर्देशांक बनवला आणि मग २१ शहरांतल्या १२ ते १४ वयाच्या ७,२५७ मुलांचे दात व तिथलं पाणी यांची सांगड घातली. पाण्यात फ्लोराइड दर दहा लाख भागांत एकच्या आसपास असेल तर कीड बरीच कमी असते आणि डागही फारसे पडत नाहीत, हे त्यातून उभं राहिलं. २५ जानेवारी १९४५ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड सोडायला सुरुवात झाली.

भारताच्या वाट्याला या गोष्टीची दुसरी बाजू आली, अतिरिक्त फ्लोराइडची. १९३७मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून हाडांच्या फ्लोरोसिसचं वर्णन प्रसिद्ध झालं. आपल्याकडे चंद्रपूर आणि यवतमाळच्या बोअरवेलचं पाणी आजही या प्रश्नाशी झुंजतं आहे. इथे दाताचा एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. समोरच्या दातांचं इनॅमल आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत घडतं आणि पुन्हा कधीच घडत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या दातावरचे आडवे पांढरे पट्टे ती रांगत असताना घरात कोणतं पाणी येत होतं ते सांगतात. रक्ताच्या तपासणीत आजची स्थिती कळते. दातात दहा वर्षांपूर्वीची नोंद टिकून असते. एखाद्या तालुक्यातल्या दवाखान्यांच्या नोंदींत अशा पट्ट्यांचा उल्लेख अचानक वाढला, तर पाणीपुरवठा विभागाने कोणत्या वाडीत जायला हवं ते कळू शकतं. अर्थात, तो उल्लेख कुणी लिहिला असेल तर.

कीड मोजण्याचं माप १९३८च्या सुमारास क्लाइन, पामर आणि नट्सन यांनी दिलं. किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले, अशा दातांची बेरीज. जगभरचे दंतविद्यार्थी हे डीएमएफ नावाने घोकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९७१मध्ये पाहणीच्या पद्धतींची पुस्तिका काढली आणि पुढे कोणत्या वयोगटांना तपासायचं तेही ठरवून दिलं: ५, १२ आणि १५ वर्षांची मुलं, ३५ ते ४४ वयाचे प्रौढ, ६५ ते ७४ वयाचे वृद्ध. भारतात दंत परिषदेने २००२-०३मध्ये राष्ट्रीय पाहणी केली आणि तिच्यासोबत फ्लोराइडचा नकाशाही काढला. बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत कीड आढळली. त्या पाहणीला आता २० वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी आजही भाषणांत आणि लेखांत तेच आकडे येतात.

पाहणी करणाऱ्यांच्या या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तो असायलाच हवा. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टाळू आणि घशाकडच्या भागातल्या सबम्युकस फायब्रोसिसचं वर्णन केलं. गुटखा, खर्रा, मावा खाणाऱ्या मुलांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, ते याच रोगामुळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या गटाने पुढे जे काम केलं ते तर अचंबित करणारं आहे. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासलेली आहेत. एक लाखाहून अधिक माणसं, प्रत्येकाच्या गालाची आतली बाजू, जीभ, टाळू पाहून, तंबाखू कोणत्या रूपात आणि तोंडात कुठे धरून खातात ते विचारून, सारं हाताने लिहिलेलं. मुंबईत १९६३मध्ये देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली होती, आणि १९८७मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी उभी राहिली. म्हणजे मोजण्याची शिस्त आपल्या मातीत रुजलेली आहे. पण कर्करोग नोंदणीत रोगी शिरतो तो निदान झाल्यावर. त्याआधीची पाच-दहा वर्षं, म्हणजे गालातला पांढरा चट्टा, कमी उघडणारं तोंड, तिखट सहन न होणं, ही दंतवैद्याच्या खुर्चीतच दिसतात आणि तिथेच राहून जातात.

पाहणीची ताकद तिच्या काटेकोरपणात आहे. तपासणारे प्रशिक्षित असतात, एकच तोंड दोघे तपासतात आणि त्यांच्या निष्कर्षांचा मेळ बसतो का ते पाहिलं जातं, नमुना शास्त्रीय पद्धतीने निवडलेला असतो. तिची मर्यादा म्हणजे खर्च आणि काळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत बरीच वर्षं हिरड्यांसाठी अर्धंच तोंड तपासलं जायचं. २००९पासून सगळ्या दातांभोवती सहा-सहा ठिकाणी मोजमाप घ्यायला लागले आणि २००९-१०मध्ये तिशीपुढच्या ४७ टक्के प्रौढांना पेरिओडोंटायटिस हा हिरड्यांचा आजार असल्याचं दिसलं. जुन्या पद्धतीने हा आकडा फार कमी येत होता. एवढी मोठी पाहणी दरवर्षी, प्रत्येक जिल्ह्यात करणं कुठल्याच देशाला परवडत नाही.

म्हणून दुसरी वाट निघाली, ती स्कँडिनेव्हियात. डेन्मार्कने १९७२मध्ये मुलांच्या दंतआरोग्याची मध्यवर्ती नोंदवही सुरू केली. तिथे नगरपालिकेची दंतसेवा जवळपास प्रत्येक मुलाला मोफत तपासते, आणि त्या तपासणीची माहिती ठरावीक वयांना मध्यवर्ती नोंदवहीत जाते. वेगळ्या पाहणीची गरज उरत नाही, कारण दवाखान्यात येणारी मुलं आणि देशातली मुलं या जवळपास एकाच गोष्टी आहेत. स्वीडननेही २००८पासून प्रौढांसाठी दंतआरोग्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवली. या प्रारूपाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये: तिथे आधी सर्वांना सेवा मिळाली आणि मग नोंदींना अर्थ आला. संगणकाने ती सेवा आणली नाही.

तिसरी वाट विम्याच्या दाव्यांची. अमेरिकेत ती फार वापरली जाते, कारण तिथे दावे कोट्यवधींनी जमा होतात. तिच्यात एक जन्मजात उणीव आहे. तिथला दंतविम्याचा दावा उपचाराच्या कोडवर मंजूर होतो. निदानाचा कोड बहुतेक वेळा लागतच नाही. मग दाढेवर टोपी बसवली एवढं कळतं, का बसवली ते कळत नाही. आपल्याकडे ओपीडीतले दंतोपचार साधारणपणे विम्याबाहेर असल्याने ही वाट इथे जवळपास बंदच आहे.

चौथी वाट खुद्द दवाखान्यातल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची, आणि हे पुस्तक मुख्यतः तिच्यावर आहे. २००९च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकेत संगणकीय नोंदींना मोठा जोर मिळाला. त्याचा फायदा वैद्यकीय दवाखान्यांना जास्त झाला आणि दातांचे दवाखाने मागून आले. तरी काही विद्यापीठांनी पुढाकार घेतला. ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘बिगमाउथ’ हे भांडार अनेक दंतमहाविद्यालयांतल्या नोंदी, रुग्णांची ओळख पुसून, एका ठिकाणी आणतं. सुरुवातीला हे जमलं याचं एक साधं कारण होतं: ही महाविद्यालयं एकच सॉफ्टवेअर वापरत होती. इंडियाना विद्यापीठ आणि रीगनस्ट्रीफ संस्थेत दंतनोंदी आणि वैद्यकीय नोंदी जोडण्यावर काम चालतं. एकाच रुग्णाचा मधुमेह एका संगणकात आणि त्याच्या हिरड्या दुसऱ्या संगणकात, ही अडचण तिथे प्रत्यक्ष सोडवण्याचा प्रयत्न होतो आहे. अलीकडे या वाटेला एक फाटाही फुटला आहे. डॉक्टरांनी मोकळ्या मजकुरात लिहिलेल्या टिपणांतून यंत्राच्या मदतीने निदान वेचून काढायचं. त्याबद्दल उत्साह खूप आहे. माझं मत सावध आहे: जे लिहिलंच गेलं नाही ते यंत्र वाचू शकत नाही.

इथे थोडं थांबून एक नोंद जवळून पाहू. पडद्यावर बत्तीस दातांचा चार्ट आहे. डावीकडच्या खालच्या पहिल्या दाढेवर, म्हणजे ३६ क्रमांकावर, लाल खूण आणि शेजारी ‘आरसीटी, क्राउन’. ४६च्या जागी फुली. टिपणात ‘स्केलिंग केलं, सूचना दिल्या’. बाकी सगळं कोरं. बिल बनवायला आणि पुढच्या वेळी रुग्ण आला तर काय केलं होतं ते आठवायला ही नोंद पुरेशी आहे. आता हीच नोंद सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने वाचा. ३६चं रूट कॅनाल कीड खोल गेल्यामुळे झालं, की खडा चावून दाढ तडकल्यामुळे? ४६ किडीने गेली, हिरड्यांच्या आजाराने गेली, की मुळात आलीच नव्हती? स्केलिंग केलं म्हणजे हिरड्यांचा आजार होता, की केवळ चहा-पानाचे डाग होते? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, उरलेल्या तीस कोऱ्या चौकटींचा. हे दात निरोगी म्हणून कोरे आहेत, की तपासलेच नाहीत म्हणून? किडीचं प्रमाण काढायचं तर किडलेल्या दातांइतकीच गरज निरोगी दातांच्या नोंदीची असते. कोऱ्या चौकटीला निरोगी मानलं तर समाज खरा आहे त्याहून सुदृढ दिसतो. तिला अज्ञात मानलं तर हाती काही उरतच नाही.

याच नोंदीत तंबाखूची चौकटही आहे. तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकावर टिचकी मारायची सोय आहे. विड्या ओढणाऱ्या माणसाचं ‘हो’, गालात तंबाखू-चुना धरणाऱ्याचं ‘हो’ आणि सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणाऱ्या आजींचं ‘नाही’, कारण आजी मिसरीला व्यसन मानत नाहीत आणि आपण त्यांना मिसरीचं नाव घेऊन विचारत नाही. भारतात २०२२मध्ये ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण असावेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ज्या देशात हा रोग एवढा आहे, तिथल्या दंतनोंदीत मिसरी, खर्रा, मावा, गुटखा यांसाठी स्वतंत्र चौकटी नसणं मला अक्षम्य वाटतं. सॉफ्टवेअर परदेशी साच्यावर बेतलेलं आहे, एवढ्या एका कारणाने आपण आपल्या माणसांची सवय नोंदवायची सोडून देतो.

नोंदींची भाषा एक असावी यासाठी प्रयत्न झालेले आहेत. दात दोन आकड्यांनी ओळखायची जागतिक दंतसंघटनेची पद्धत भारतात रूढ आहे; अमेरिकेत १ ते ३२ अशी मोजणी चालते, तिथे आपली ३६ क्रमांकाची दाढ १९ होते. निदानांसाठी अमेरिकी दंतसंघटनेने स्नोडेंट ही कोडावली घडवली आणि ती स्नोमेड सीटी या मोठ्या वैद्यकीय कोडावलीचा भाग झाली. भारत २०१४मध्ये स्नोमेडचा सदस्य झाल्याने ही मोठी कोडावली इथे विनामूल्य वापरता येते. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची राष्ट्रीय मानकं २०१३मध्ये आली, २०१६मध्ये सुधारली. कागदावर पाया आहे. खुर्चीजवळ तो पोचलेला नाही, कारण दवाखान्यात रांग लागलेली असताना तीनशे निदानांच्या यादीतून अचूक निदान शोधायला डॉक्टरकडे अर्धा मिनिटही नसतो. जो कोड तीन सेकंदांत सापडत नाही तो वापरला जात नाही. ज्यांना या विषयात काम करायचं आहे त्यांनी सॉफ्टवेअर लिहिण्याआधी एखाद्या सरकारी दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत सोमवारची सकाळ उभं राहून पाहावी.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: जे दवाखान्यात येतच नाहीत त्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांत कर्करोगासाठी तोंडाची तपासणी कधी तरी झालेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास निघालं. आपल्याकडे माणूस दंतवैद्याकडे जातो तो रात्रभर झोप लागली नाही म्हणून. अशा रुग्णांच्या नोंदींवरून समाजातल्या किडीचं प्रमाण काढलं तर ते फुगलेलं येणार. शहरातल्या महागड्या दवाखान्यांच्या नोंदींवरून काढलं तर चित्र उलट्या बाजूला झुकणार. संख्या मोठी आहे म्हणून हा दोष जात नाही. दहा हजारांऐवजी दहा लाख नोंदी घेतल्या तर आपण तीच चूक अधिक ठामपणे करतो. यावर उपाय म्हणजे ताळा. न्यू यॉर्क शहराने २०१३च्या सुमारास प्राथमिक सेवेच्या दवाखान्यांतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींतून शहराच्या आरोग्याचं चित्र काढलं आणि त्याच काळात प्रत्यक्ष तपासणीवर आधारलेल्या पाहणीशी ते ताडून पाहिलं. धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह यांचे आकडे चांगले जुळले. नैराश्य आणि फ्लूच्या लशीचे जुळले नाहीत. कोणत्या बाबतीत नोंदींवर विसंबायचं आणि कोणत्या बाबतीत नाही, हे अशा ताळ्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून पाहणी आणि नोंदी यांना प्रतिस्पर्धी समजणं मला मान्य नाही. दहा वर्षांनी एकदा चोख पाहणी, आणि मधल्या काळात तिच्याशी ताडून घेतलेल्या नोंदी, ही जोडी हवी.

काही कामांना मात्र प्रमाण काढायची गरजच नसते. काही तरी बिघडलंय एवढं लवकर कळलं तरी पुरे. २०१५मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणि २०१६मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत लहान मुलांच्या जबड्यांत हट्टी जंतुसंसर्ग दिसू लागला. सगळ्यांची पल्पोटॉमी झालेली होती, म्हणजे दुधाच्या दाढेतला मगजाचा वरचा भाग काढला होता. मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस हा जंतू उपचारावेळी वापरलेल्या पाण्यातून आला होता. काही मुलांच्या जबड्याचा भाग काढावा लागला. शोध लागला तो रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या लक्षात आल्यामुळे. पण कोणत्या मुलांवर कोणत्या तारखांना तो उपचार झाला होता आणि आणखी कुणाला बोलावून तपासायला हवं, हे ठरवायचं तर दवाखान्याच्या नोंदींशिवाय दुसरा आधार नसतो. म्युकरमायकोसिसच्या वेळी आपल्याला हेच हवं होतं.

हा विषय आत्ताच का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास साडेतीन अब्ज माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. २०२१मध्ये जागतिक आरोग्य सभेने मौखिक आरोग्यावर ठराव केला आणि त्यामागून २०३०पर्यंतचा कृती आराखडा आला. भारतात सप्टेंबर २०२१पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, चौदा अंकी ‘आभा’ हा आरोग्य ओळख क्रमांक आला. साथरोगांच्या नोंदी त्याच वर्षी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर गेल्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. शाळकरी मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्या पालघरमध्येच सुरू झाला आणि त्याच्या तीस आजारांच्या यादीत दातांचे आजार आहेत. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालयं आहेत आणि प्रत्येकाची ओपीडी रोज भरते. ही सगळी माहिती वेगवेगळ्या नळांनी वाहते आहे. त्या नळांचे साचे आत्ता ठरत आहेत. एकदा घट्ट झाले की पुढची वीस वर्षं बदलता येणार नाहीत. म्हणून आत्ता.

गोपनीयतेबद्दल या पुस्तकात बरंच लिहिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. नाव आणि फोन नंबर पुसला म्हणजे ओळख पुसली असं दातांच्या बाबतीत होत नाही. अपघातात ओळख पटेनाशा झालेल्या माणसाला दातांवरून ओळखतात; ज्या ओपीजीवरून, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एक्स-रेवरून, मृताची ओळख पटते तिच्यावरून जिवंत माणसाचीही पटू शकते. हजार वस्तीच्या गावात तोंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण असा तक्ता छापला तर तो माणूस कोण हे गावाला सांगावं लागत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिलं आहे. पण दाढ ठणकत असताना खुर्चीत बसलेल्या माणसाची सही ही खरी संमती आहे का, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. रुग्णाला त्याच्या भाषेत, दुखणं थांबल्यावर, ही माहिती कशासाठी वापरणार ते सांगितलं जाणं हा त्याचा हक्क आहे असं मी मानतो.

या पुस्तकातले लेखक एका मताचे नाहीत. काहींचा भर कोडावलीवर आहे, काहींना मोकळ्या टिपणांवर विश्वास वाटतो. काहींना सक्तीची नोंदणी हवी आहे, काहींना ती घातक वाटते. संपादनात हे मतभेद मुद्दाम घासून गुळगुळीत केलेले नाहीत. पुस्तक लिहिलं आहे ते तीन प्रकारच्या वाचकांसाठी: सार्वजनिक दंतआरोग्य शिकणारे विद्यार्थी, जिल्हा पातळीवर आरोग्याचं नियोजन करणारे अधिकारी आणि दवाखान्यांची सॉफ्टवेअर बनवणारे तंत्रज्ञ. हे तिघे एकमेकांची भाषा क्वचितच बोलतात. आकडेमोडीची प्रकरणं त्यामुळे शक्य तितकी साधी ठेवली आहेत, आणि दातांच्या आजारांची ओळख तंत्रज्ञाला कळेल अशा शब्दांत दिली आहे. अमुक सॉफ्टवेअर घ्या असं हे पुस्तक सांगत नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या चौकटी असायलाच हव्यात, एवढं मात्र ते ठामपणे सांगतं.

शेवटी एक विनंती, दवाखाना चालवणाऱ्या वाचकांना. राष्ट्रीय यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल. तिची वाट पाहू नका. उद्यापासून तुमच्या नोंदीत उपचाराशेजारी निदान लिहा. दात काढला असेल तर का काढला ते लिहा. तपासून निरोगी आढळलेला दात निरोगी म्हणून नोंदवा, चौकट कोरी ठेवू नका. तंबाखूबद्दल विचारताना मिसरीचं, खर्र्याचं, माव्याचं नाव घ्या, आणि किती वर्षं ते टिपून ठेवा. तोंड किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये मोजा. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि याशिवाय या पुस्तकात पुढे सांगितलेलं काहीही शक्य नाही.